मार्गनिवडीचे व्याकरण : संगणकाची जालवाहतूक इष्ट जोडणीतून नेण्याविषयी

१. यवतमाळच्या दोन वाटा

यवतमाळ हे नगर मुंबई-नागपूर या मोठ्या लोहमार्गावर वसलेले नाही. हा मार्ग नगराच्या उत्तरेकडून मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव या क्रमाने पूर्वेस निघून जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ आणि मूर्तिजापूर यांना जोडणारा ११३ किलोमीटर लांबीचा अरुंद लोहमार्ग तयार झाला. दारव्हा, कारंजा या कापसाच्या पेठांतून धावणाऱ्या त्यावरील गाडीस पुढे ‘शकुंतला’ हे नाव पडले. तत्पूर्वी आणि तदनंतरही धामणगाव स्थानकाकडे जाणारी सडक होतीच. म्हणजे कापसाच्या गाठीस मोठ्या लोहमार्गापर्यंत पोहोचण्यास दोन वाटा होत्या.

या दोहोंपैकी चांगली वाट कोणती, या प्रश्नास एकच एक उत्तर देता येत नाही. गाठ मुंबईस जावयाची असेल तर मूर्तिजापूर हे पश्चिमेकडील स्थानक सोयीचे. नागपूरकडे जावयाची असेल तर धामणगाव. शिवाय शकुंतलेचे रूळ अडीच फूट अंतराचे व मोठ्या मार्गाचे साडेपाच फूट अंतराचे असल्यामुळे एकीचे डबे दुसरीवर चालणे शक्य नव्हते. मूर्तिजापुरास माल उतरवून पुन्हा चढविणे प्राप्त होते. यवतमाळच्या फलाटावर उभे राहून पाहणाऱ्यास ही पुढची अडचण दिसत नसे. ती ठाऊक असणे हे व्यापाऱ्याचे काम होते.

ज्या संगणकास एकाच वेळी दोन जोडण्या असतात त्याच्यापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहतो. भेद इतकाच की संगणकाजवळ व्यापाऱ्याचे हे ज्ञान नसते. त्याला फक्त आपल्या फलाटावरील रूळ दिसतात. म्हणून वाहतूक कोणत्या वाटेने जावी याविषयी मनुष्याची काही इच्छा असेल, तर ती त्यास समजेल अशा रूपात लिहून ठेवावी लागते. ते रूप कोणते, त्याचा अर्थ यंत्र कसा लावते आणि त्या अर्थाच्या मर्यादा काय आहेत, याचे विवेचन पुढे केले आहे.

२. प्रश्नाचे व्यावहारिक महत्त्व

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा आहे असे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने समजू नये. यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी इत्यादी तालुक्यांत कोलाम समाजाची वस्ती आहे. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींची गणना विशेष असुरक्षित आदिम समूहांत होते त्यांपैकी ही एक होय. त्यांची कोलामी ही द्राविड कुळातील भाषा असून मरे एमेनो यांनी तिच्या वर्धेकडील बोलीचे केलेले वर्णन १९५५ साली प्रसिद्ध झाले. त्या काळी संशोधकाची सामग्री वहीत असे. आज ती प्रायः ध्वनिमुद्रणाच्या रूपाने संगणकात असते आणि तिची दुसरी प्रत दूरच्या संग्रहात पोहोचेपर्यंत ती एकाच यंत्राच्या आयुष्यावर अवलंबून असते.

या सामग्रीचे आकारमान ध्यानात घेण्याजोगे आहे. दर सेकंदास ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा आणि दोन वाहिन्या या मानाने मुद्रण केल्यास एका सेकंदाचे २,८८,००० बाइट होतात; एका तासाचे १०३ कोटी ६८ लाख, म्हणजे एका गिगाबाइटाहून किंचित अधिक. मोबाईलच्या ज्या योजनांत दिवसाकाठी दोन गिगाबाइट मिळतात त्यांत दोन तासांचेही मुद्रण पुरते मावत नाही. मर्यादा संपल्यावर वेग सेकंदास ६४ किलोबिटांवर आणला गेला, तर एका तासाचे मुद्रण पाठविण्यास बरोबर ३६ तास लागतील. तेच मुद्रण सेकंदास १० मेगाबिट वेगाच्या तारेतून सुमारे १४ मिनिटांत जाते.

आता अशी कल्पना करावी की, एखाद्या पोडावरील वृद्ध स्त्रीने सांगितलेल्या कथांचे दहा तासांचे मुद्रण घेऊन एक विद्यार्थी तालुक्याच्या गावी परतला आहे. महाविद्यालयाच्या खोलीत भिंतीतून आलेली तार त्याच्या संगणकास लावलेली आहे. आणि सकाळपासून उपयोगात असलेला मोबाईलही यूएसबी दोरीने त्याच संगणकास जोडलेला राहिला आहे. विद्यार्थी मुद्रण पाठविण्यास आरंभ करतो व तार लावलेली असल्यामुळे निर्धास्त होतो. सायंकाळी मोबाईलची दिवसाची मर्यादा संपलेली, पाठवणी अर्धवट थांबलेली आणि तार मात्र दिवसभर जवळपास रिकामी, असे त्यास आढळते. यात कोणतेही यंत्र बिघडलेले नाही. प्रत्येकाने आपल्या नियमानुसारच वर्तन केले आहे.

३. परिभाषा

संगणकास जालाशी जोडणाऱ्या प्रत्येक साधनास नेटवर्क अडॅप्टर म्हणतात. तारेचे अडॅप्टर, वाय-फायचे अडॅप्टर आणि मोबाईल जोडला असता निर्माण होणारे अडॅप्टर ही तीन निरनिराळी द्वारे होत. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी की, यूएसबी दोरीने जोडलेला मोबाईल संगणकास बहुधा तारेच्या जोडणीसारखाच भासतो; त्यामागे मोजून मिळणारा डेटा आहे हे त्यास ठाऊक नसते.

पाठवावयाचा मजकूर पॅकेट नावाच्या लहान लहान तुकड्यांनी जातो व प्रत्येक पॅकेटावर गंतव्य स्थानाचा आयपी पत्ता असतो. पॅकेट कोणत्या द्वारातून बाहेर पाडावे हे संगणक राउटिंग टेबल, म्हणजे मार्गसारणी, पाहून ठरवितो. सारणीतील प्रत्येक ओळीत मुख्यतः चार गोष्टी असतात : पत्त्यांचा एक समूह, त्या समूहाकडे जाताना ज्या पहिल्या यंत्राच्या हाती पॅकेट द्यावयाचे ते यंत्र, म्हणजे गेटवे, ज्या द्वारातून जावयाचे ते द्वार, आणि मेट्रिक नावाचा एक अंक. हा शब्द दशमान पद्धतीतील मेट्रिकाशी एकरूप असला तरी येथे त्याचा अर्थ ‘वाटेचे मोल’ एवढाच घ्यावयाचा. मोल जितके कमी तितकी वाट अधिक पसंतीची.

४. पहिला नियम : विशेषाने सामान्याचा बाध

सारणीत एकाच पत्त्यास लागू पडणाऱ्या अनेक ओळी असू शकतात. अशा वेळी प्रथम मोल पाहिले जाते असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा होय. प्रथम पाहिला जातो तो ओळीचा नेमकेपणा.

आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा असतो. ‘१०.२०.०.०/१६’ या ओळीचा अर्थ असा की, ज्यांचे पहिले १६ बिट या पत्त्याशी जुळतात त्या सर्वांस ही ओळ लागू. ‘१०.२०.५.०/२४’ या ओळीत २४ बिट जुळावे लागतात. म्हणून ती अधिक नेमकी. आणि ‘०.०.०.०/०’ या ओळीत एकही बिट जुळावा लागत नाही. ती जगातील प्रत्येक पत्त्यास लागू पडते. हिला डिफॉल्ट मार्ग म्हणतात. १०.२०.५.७ या पत्त्यास या तिन्ही ओळी लागू आहेत. निवड मात्र २४ बिटांच्या ओळीची होते, मग तिचे मोल कितीही असो.

संस्कृत व्याकरणाचा परिचय असलेल्या वाचकास ही व्यवस्था अनोळखी वाटणार नाही. सामान्य विधी तो उत्सर्ग, विशेष विधी तो अपवाद. आणि अपवाद आपल्या क्षेत्रात उत्सर्गास बाधतो. नागेशभट्टाच्या ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथात, जो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करीत असता फ्रान्झ कीलहॉर्न यांनी संपादित व भाषांतरित केला, नियमांच्या बलाबलाचा विचार करताना पर, नित्य, अंतरंग आणि अपवाद असा चढता क्रम दिला आहे. अपवाद त्यांत सर्वांत बलवान. मार्गसारणीतही डिफॉल्ट मार्ग हा उत्सर्ग आणि अधिक बिटांची ओळ हा अपवाद होय.

साम्य येथवरच न्यावे. वैयाकरण अपवादास बळ देतो ते त्याला अन्यथा वावच उरणार नाही या युक्तिवादाने. संगणक केवळ जुळलेले बिट मोजतो. त्यामुळे हा नियम युक्तीनेही वापरता येतो. खाजगी जोडणी निर्माण करणाऱ्या काही व्हीपीएन प्रणाली सर्व वाहतूक आपल्याकडे वळविण्यासाठी मूळ डिफॉल्ट मार्गास हातही लावीत नाहीत. त्या ‘०.०.०.०/१’ आणि ‘१२८.०.०.०/१’ अशा दोन ओळी घालतात. प्रत्येक ओळ जगातील अर्ध्या पत्त्यांस लागू पडते आणि एका बिटाने अधिक नेमकी असल्यामुळे डिफॉल्ट मार्गाचे मोल कितीही कमी असले तरी त्यास निष्प्रभ करते. अशी प्रणाली चालू असताना जो केवळ मोलाचे अंक बदलीत बसेल त्याच्या हाती काही लागणार नाही.

५. दुसरा नियम : समबलांमध्ये मोल

दोन ओळी सारख्याच नेमक्या असतील तेव्हाच मोलाचा प्रश्न येतो. तार आणि मोबाईल या दोन्ही जोडण्या आपापला डिफॉल्ट मार्ग सारणीत घालतात. दोहोंचा नेमकेपणा शून्य बिटांचा. म्हणून या ठिकाणी, आणि प्रायः याच ठिकाणी, मोल निर्णायक ठरते.

हे मोल येते कोठून? मनुष्याने काही लिहिले नसेल तर संगणक ते स्वतः ठरवितो. विंडोज प्रणाली द्वाराच्या वेगावरून एक अंक देते आणि त्यात त्या मार्गाचा स्वतंत्र अंक मिळवून बेरीज करते. लिनक्समध्ये सर्रास वापरला जाणारा नेटवर्क मॅनेजर जोडणीच्या प्रकारावरून अंक ठरवितो : तारेस १००, वाय-फायला ६०० व मोबाईल मोडेमला ७००. मॅक संगणकात अंकांऐवजी जोडण्यांची क्रमवार यादी असते आणि वरची जोडणी अधिक पसंतीची मानली जाते.

या स्वयंचलित अंकांतच विद्यार्थ्याच्या फसगतीचे कारण आहे. विंडोज जो वेग पाहते तो द्वार आणि त्यास लागलेले पहिले यंत्र यांच्यामधील वेग होय. भिंतीतील तार जुन्या उपकरणामुळे सेकंदास १०० मेगाबिटांवर चालत असेल आणि यूएसबीवरील मोबाईल स्वतःचा वेग त्याहून अधिक सांगत असेल, तर मोबाईलचे मोल कमी ठरते आणि सर्व वाहतूक तिकडे वळते. मोबाईलपासून मनोऱ्यापर्यंतचा वेग किती, पलीकडे प्रत्येक गिगाबाइटास पैसे पडतात की नाही, दिवसाची मर्यादा किती, यांपैकी काहीही या हिशेबात येत नाही. यवतमाळच्या फलाटावरून मूर्तिजापूरची चढउतार दिसत नसे, तसाच हा प्रकार आहे. आणि लिनक्सने प्रकारावरून निवड केली तरी यूएसबीवरील मोबाईल तारेच्या वेषात आलेला असल्यामुळे तीही फसू शकते.

६. पसंती लिहिण्याची रीत

यावरून उपायाचे स्वरूप स्पष्ट होते. तारेच्या द्वाराचे मोल मोबाईलच्या मोलाहून निश्चितपणे कमी होईल असे दोन्ही अंक मनुष्याने स्वतः लिहावयाचे. विंडोजमध्ये द्वाराच्या गुणधर्मांत आयपीच्या प्रगत मांडणीत ‘ऑटोमॅटिक मेट्रिक’ या शब्दांपुढील खूण काढून तेथे अंक भरता येतो. तारेस १० व मोबाईलला १०० लिहिले तरी पुरे. अंकांचे निरपेक्ष मूल्य गौण आहे. महत्त्व त्यांच्यातील क्रमास आहे. लिनक्समध्ये जोडणीच्या नोंदीत मार्गाचे मोल लिहिता येते आणि मॅकमध्ये यादीचा क्रम बदलता येतो.

मात्र हे करताना तीन गोष्टींचे अवधान राखावे. पहिली, आयपीच्या चौथ्या व सहाव्या आवृत्तीच्या सारण्या वेगवेगळ्या असतात. चौथ्या आवृत्तीत तारेस पसंती दिली आणि सहावीकडे दुर्लक्ष केले, तर ज्या सेवा सहाव्या आवृत्तीने पोहोचतात त्यांची वाहतूक मोबाईलवरूनच चालू राहील. भारतातील मोबाईल जालांत सहाव्या आवृत्तीचा प्रसार मोठा असल्यामुळे ही चूक येथे विशेष महाग पडते. दुसरी, पाठवणी चालू असताना मोल बदलून ती तारेवर सरकेल अशी अपेक्षा धरू नये. प्रत्येक संभाषण दोन्ही टोकांच्या पत्त्यांशी बांधलेले असते आणि प्रत्येक द्वाराचा पत्ता निराळा असतो. म्हणून आधी मार्ग ठरवावा व मग पाठवणीस आरंभ करावा. तिसरी, लिहिलेले अंक प्रत्यक्षात लागू झाले की नाही हे पाहावे. विंडोजमध्ये ‘रूट प्रिंट’ ही आज्ञा दिली असता सारणी डोळ्यांपुढे येते. पाठवणी चालू असता कोणत्या द्वाराचा आकडा वाढतो आहे हेही पाहता येते. विद्यार्थ्याने आरंभीची पाच मिनिटे या आकड्याकडे लक्ष दिले असते तर त्याचा दिवस वाचला असता.

कधी कधी सर्व वाहतुकीस एकच वाट देणे इष्ट नसते. महाविद्यालयाच्या तारेवर काही सेवा बंद असतात आणि त्यांसाठी मोबाईल हवा असतो. ध्वनिमुद्रणे मात्र तारेनेच जावयास हवीत. अशा वेळी डिफॉल्ट मार्ग मोबाईलकडे ठेवून संग्रहाच्या यंत्राचा पत्ता तेवढा तारेकडे नेणारी एक नेमकी ओळ घालावी. ही पहिल्या नियमाची, म्हणजे अपवादाची, योजना होय. संग्रहाचा पत्ता स्थिर असेल तरच ती टिकते. ज्या सेवांचे पत्ते वरचेवर बदलतात त्यांच्यासाठी ती निरुपयोगी आहे.

७. पसंती आणि सक्ती

येथवरच्या विवेचनातून असा ग्रह होण्याचा संभव आहे की, मोलाचे अंक एकदा नीट लिहिले म्हणजे मोबाईलवरून काहीही जाणार नाही. तो ग्रह बरोबर नाही, आणि या विषयातील सर्वांत हानिकारक गैरसमज तोच आहे.

तार निघाली, किंवा तिचे पहिले यंत्र वीज गेल्याने बंद पडले, की तारेच्या द्वारातून जाणाऱ्या सर्व ओळी सारणीतून नाहीशा होतात. अपवाद उरत नाही, तेव्हा उत्सर्ग प्रवृत्त होतो. चालू संभाषण तुटते. पण पाठवणी करणारी प्रणाली पुन्हा प्रयत्न करते आणि कोणास न विचारता मोबाईलच्या वाटेने निघते. सारणीच्या दृष्टीने यात दोष नाही : कमी पसंतीची वाट ही दुसरी काही नसताना वापरावयाची वाटच होय. मोबाईलवरून मुद्रण मुळीच जाऊ नये अशी इच्छा असेल तर ती पसंतीच्या भाषेत सांगता येत नाही. त्यासाठी मोबाईलची दोरी काढावी, अथवा पाठवणीची प्रणाली एकाच द्वाराशी बांधून टाकावी, अथवा फायरवॉलमध्ये निषेधाचा नियम लिहावा. विंडोजमधील ‘मीटर्ड’ ही खूणही निषेध नव्हे. तिच्यामुळे प्रणालीची अद्ययावतीकरणे आणि काही सेवा आवरल्या जातात, पण मार्ग बदलत नाही.

याच्या उलट प्रसंगही येतो. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्र शासनाने २०११ साली मंजूर केली आणि २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. अशी कोणतीही तार रस्त्याच्या खोदकामात काही कोसांवर तुटली, तर संगणकापासून भिंतीपर्यंतचा दुवा शाबूत राहतो. द्वारावरचा दिवा लागलेलाच असतो, सारणीतील ओळ जागेवर असते, आणि बाजूस चालू मोबाईल असूनही संगणक आपली पॅकेटे कोठेही न पोहोचणाऱ्या तारेत टाकीत राहतो. काही प्रणाली बाहेरच्या एखाद्या ठिकाणाशी मधून मधून संपर्क करून पाहतात व तो न झाल्यास त्या वाटेचे मोल वाढवितात. नेटवर्क मॅनेजर ही तपासणी चालू असेल तर तसे करतो. परंतु अशी तपासणी सर्वत्र असतेच असे नाही. दिवा लागला आहे याचा अर्थ फलाटावर गाडी उभी आहे एवढाच होतो. पुढचे रूळ शाबूत असल्याची ती ग्वाही नव्हे.

आणखी एक अपेक्षा येथेच दूर करावी. दोन जोडण्या असल्या म्हणजे दोहोंच्या वेगांची बेरीज होते असे नाही. एका संभाषणाची सर्व पॅकेटे सामान्यतः एकाच द्वारातून जातात. दुसरी जोडणी त्या वेळी राखीव राहते.

८. उपसंहार

मार्गसारणीचे हे व्याकरण लहान आहे. अधिक नेमकी ओळ प्रथम. समबलांमध्ये कमी मोलाची. ओळच नाहीशी झाली तर उरलेली. या तीन वाक्यांत संगणकाची सर्व निवड सामावते. त्यांत खर्च, मुदत किंवा पाठविलेल्या वस्तूचे महत्त्व यांस स्थान नाही. कथा सांगणारी स्त्री पुन्हा भेटेल की नाही हे तर त्यास कळण्याचे कारणच नाही. हे सारे ज्यास ठाऊक आहे त्यानेच ते अंकांच्या, अपवादांच्या आणि निषेधांच्या रूपाने लिहून ठेवणे अवश्य आहे.

क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांस ध्वनिमुद्रकाचा उपयोग, लिप्यंतर आणि संमतिपत्र यांचे शिक्षण विभागांतून दिले जाते. त्यास या विषयाचा एक तास जोडल्यास ते अस्थानी होणार नाही. परतल्यावर प्रथम सारणी पाहावी, नको असलेली दोरी काढावी, मग पाठवणी करावी. आणि संग्रहात पोहोचलेल्या प्रतीचा चेकसम मूळ प्रतीच्या चेकसमाशी जुळल्यावाचून ध्वनिमुद्रकातील मूळ मुद्रण पुसू नये.